ठळक ओळ

२ फेब्रुवारी, सोमवार

नवा कॉम्प्युटर आला. मुलीने परस्पर मागवून पाठवला. आणून देणाऱ्याने खोकं दारातच टेकवलं, सही घेतली आणि जिना उतरून गेला. आत ओढताना कंबर धरली. खोक्यात पांढऱ्या फोमचे दोन तुकडे निघाले, मधोमध यंत्राच्या आकाराची पोकळी. ते फेकवले नाहीत, पलंगाखाली सारले.

जुना आता काही खरा नाही. चालू केला की धान्य भरडल्यासारखा आवाज करतो आणि मध्येच गप्प होतो. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काकू, ह्याला आता निवृत्त करा." माझ्याच वयाचा असेल, डोक्यावर एक केस नाही, पण मला काकू म्हणतो. मी त्याला मिस्त्री म्हणते. त्याला ते आवडत नाही. म्हणतो, मिस्त्री म्हणजे बांधकाम करणारा. मी म्हटलं, मग तुम्ही काय मोडता?

घाई अशी की आमचा मेलचा पत्ता ज्या कंपनीचा आहे ती महिनाअखेरीस मेलचं काम बंद करणार आहे. आपापले मेल तोवर उतरवून घ्या, नंतर पुसले जातील, असं त्यांनी कळवलंय. पत्ता आमचा दोघांचा एकच. हे म्हणाले होते, घर एक आहे ना, मग दोन पत्ते कशाला.

नेहमीप्रमाणे पडद्याचं बटण दाबलं आणि दाराजवळचा मेन खाली केला. फ्रिजची तार ह्यांनी वेगळी काढलेली आहे, तो तेवढा गुणगुणत असतो. बाकी सगळं शांत. टॉर्चच्या उजेडात लिहिते आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्री येऊन मेलचा प्रोग्राम बसवून गेला. कामाला लागला की तो यंत्राशी बोलतो. "चल बाबा, उठ. असं काय करतोस." मला आधी वाटलं माझ्याशीच बोलतोय.

मेल भराभर आले. मी खुर्ची ओढून बसले आणि खाली खाली जात राहिले. जाहिराती, विजेची बिलं, वाचनालयाच्या सूचना. सगळ्यात तळाचा मेल गेल्या फेब्रुवारीतला. त्याच्या खाली काहीच नाही, पांढरं.

"बाकीचे?"

"एवढेच दाखवतोय."

"माझ्याकडे फार वर्षांचे आहेत."

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "हां. हा आपणहून फक्त शेवटच्या वर्षाचेच आणतो, काकू. माणसाला जुनं लागत नाही असं धरून चालतो."

ह्यांना जाऊन दुसरं वर्ष लागलं आहे. म्हणजे यंत्राने नेमके ते गेल्यानंतरचे तेवढे आणून दिले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्रीने 'सगळे आण' असं त्याला सांगून ठेवलंय. पडद्याच्या तळाशी एक निळी पट्टी आहे, ती डावीकडून उजवीकडे सरकते. दिवसभर येता-जाता बघते. कणीक मळताना बघितली, कपडे वाळत घालून आल्यावर बघितली. दुधावर लक्ष ठेवावं तशी.

हा नवा रोज सकाळी एक पाटी दाखवतो : मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. सभ्य भाषा आहे. मी 'ठीक' दाबते आणि पुढे जाते. जुना असलं काही विचारत नसे.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज वर शोधायची जी चौकट असते तिच्यात "पोहोचलो" लिहिलं. उत्तर आलं : काही सापडलं नाही.

"मेन" लिहून बघितलं. काही सापडलं नाही.

 उठून पाणी प्यायले.

इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की म्हातारी उगाच जिवाला लावून घेते. हे विमा कंपनीसाठी आगीचं नुकसान तपासायचे. कुठे गोदाम जळालं, कुठे दुकान, की हे बॅग उचलून निघाले. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. गावाला पोहोचले की तिथल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसून स्वतःलाच मेल करायचे. पत्ता एकच, त्यामुळे तो मला इथे घरी दिसायचा. आत मजकूर काही नसायचा. विषयाच्या ओळीतच काय ते. "पोहोचलो." आणि संध्याकाळी दुसरा, "मेन बंद?" जळलेली घरं बघून बघून त्यांच्या मनात ते बसलं होतं. म्हणायचे, आग मोठ्या गोष्टीने लागत नाही, विसरलेल्या गोष्टीने लागते. म्हणून निजायच्या आधी घरातला मेन खाली झालाच पाहिजे.

मी उत्तर कधी लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. न वाचलेल्या मेलची ओळ ठळक असते, उघडला की बारीक होते. मी इकडे उघडला की तिकडे त्यांच्यासमोर तीच ओळ बारीक व्हायची. ते तसेच बसून राहायचे ती बारीक व्हायची वाट बघत, आणि झाली की उठून झोपायला जायचे. एकदा मी शेजारी बोलत बसले आणि उशीर झाला, तर घरी आल्यावर म्हणाले, "काल फार वेळ ठळक होतीस."

तेवढंच आहे ते. दोन-दोन शब्द. पण ते सापडत नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्री पुन्हा आला. पेपरमिंटची गोळी तोंडात, चष्मा कपाळावर.

"मेल येतायत, काकू. बरेच आलेत. पण ह्याचा इंडेक्स झालेला नाही. तो झाल्याशिवाय शोध लागणार नाही."

"इंडेक्स म्हणजे सूची?"

"तुम्हाला माहिती आहे?"

माहिती नसायला काय झालं. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. शाळा लवकर सुटली, वाचायला शिकले ती तिथे, घड्या घालता घालता. फर्मे, म्हणजे पुस्तकाची पानं छापलेले मोठे कागद, उलटसुलट यायचे, त्यामुळे कितीतरी पुस्तकं मी शेवटाकडून वाचली आहेत आणि काहींचा तर मधलाच भाग. सूची सगळ्यात शेवटी छापून यायची. सगळी पानं लागल्याशिवाय कुठला शब्द कुठे आहे ते सांगणार कसं?

हे त्याला सांगितलं तर खूश झाला. "अगदी तसंच. हा आत बसून सूची करतोय. सगळे मेल वाचून काढतोय तुमचे."

"दोन शब्दांच्या मेलला एवढा वेळ?"

"बाकीच्या जाहिराती पण वाचतोय ना बिचारा." मग म्हणाला, "पण रोज पहिल्यापासून सुरू करतोय असं दिसतंय. अर्धवट राहिला की हा कालचं सगळं फाडून टाकतो. तुम्ही रात्री बंद करता का?"

"नाही हो. बंद कसा करायचा ते मला माहितीही नाही."

"रात्री वीज जाते इकडे?"

"आमच्याकडे वीज कधी जात नाही."

तो यंत्राकडे वळला. "काय रे, मग तुला झालंय काय?"

चहा घेऊन गेला. कप धुताना लक्षात आलं की दुसरा कप पुष्कळ दिवसांनी खाली काढला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाटी. ठीक. पट्टी पुन्हा डावीकडे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचा फोन आला. मी पट्टीबद्दल सांगायला लागले.

"आई, त्या जुन्या मेलमध्ये आहे काय एवढं? बाबांचे विम्याचे सगळे कागद माझ्याकडे आहेत."

"असंच. असू दे म्हटलं."

"अगं, पण तुला हवंय तरी काय नक्की?"

सांगता आलं असतं. पण ती ऑफिसातून बोलत होती, मागे कुणीतरी हसत होतं. अशा आवाजात ते सांगायचं नाही. म्हटलं, "तू जेवलीस का?" ती म्हणाली, "इकडे सकाळ आहे, आई." मी नेहमी विसरते.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी चाळणी परत करायला आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे हल्ली मिस्त्री फार येतो." मी म्हटलं, हो, आणि तो काम सोडून सगळं करतो. दोघी हसलो. त्या गेल्यावर दाराला कडी घातली आणि तिथेच उभी राहिले थोडा वेळ. आत जाऊन करायचं काय, ते चटकन आठवलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मिस्त्रीने आज सकाळपासून दुपारपर्यंत बैठक मारली. काय काय काढलं, घातलं. इंडेक्स मुद्दाम पुसून नव्याने सुरू केला. त्याच्यासमोर पट्टी छान सरकत होती. तो हात पुसत म्हणाला, "बघा, माझ्यासमोर कसा शहाण्यासारखा वागतो."

मी विचारलं, "इंडेक्स नसला तर हाताने नाही का शोधता येणार?"

"येईल की. पण तुमच्या पेटीत जाहिरातींचा डोंगर आहे, काकू. आणि आणखी एक. जुने मेल अजून पूर्ण उतरलेलेच नाहीत. वरची यादी आलीय, खालचे राहिलेत. तेही रोज कुठेतरी अडकतात." बोलावं की नाही, असा चेहरा करून तो थांबला. "असं पण असू शकतं, की कंपनीने जुने आधीच काढून टाकले असतील. बंद करायची घाई असते त्यांना. तसं असेल तर आपण शोधतोय ते तिथे नाहीच."

मी बरं म्हटलं. 

तो गेल्यावर जुना कॉम्प्युटर लावून बघितला. भरडायचा आवाज आला, पडद्यावर करडा उजेड आला आणि गेला. त्याच्यावर कापड घातलं.

आता आठवडा उरलाय. ह्यांचा आवाज कुठे साठवलेला नाही. फोटोत ते नेहमी कुणाच्या तरी मागे उभे. हस्ताक्षर म्हणावं तर ऑफिसच्या कागदांवर, ते ऑफिसने नेले. ते जसे बोलायचे तसं जगात काही उरलं असेल तर ते त्या दोन शब्दांच्या ओळींत.

मेन खाली केला. आज पट्टी अर्ध्यावर होती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जेवण झाल्यावर मुलीचा फोन आला. सुट्टी होती, घरून बोलत होती, मागे कुणी नव्हतं. मिस्त्री काय म्हणाला ते सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. कारणं विचारली, पाट्यांवर काय लिहिलेलं असतं ते विचारलं. सकाळची ती पाटी मी तिला पाठ म्हणून दाखवली.

"नीट बंद झालं नव्हतं? रोज येते ही?"

"रोज. सभ्य आहे, मी ठीक म्हणते."

"आई, तू बंद करत नाहीस ना पण?"

"नाही गं. तूही मिस्त्रीसारखंच विचारतेस. पडद्याचं बटण दाबते फक्त. थांब हं, फोन धर, तेवढा मेन खाली करून येते, मग पडून बोलते."

मी उठायला लागले. 

"आई. मेनला हात लावू नकोस."

"का?"

"तू अजून मेन बंद करतेस रात्री?"

"मग?"

ती हसायला लागली. खूप हसली, लहानपणी हसायची तशी, श्वास अडकेपर्यंत. "अगं आई. त्या मिस्त्रीचा जीव घेतलास तू. रोज रात्री त्याची वीज काढून घेतेस आणि सांगतेस की वीज जात नाही."

"जात नाहीच. मी घालवते, ते वेगळं." हे बोलले आणि मग माझ्या डोक्यात शिरलं.  फर्म्यांना खळ लावून पुस्तक दाबाखाली ठेवायचं, ते वाळेपर्यंत काढायचं नाही, हे मी नव्या मुलींना शिकवायचे. आणि इथे मी रोज रात्री ओलंच पुस्तक बाहेर काढत होते.

मुलीचं हसणं थांबलं होतं. "बाबा रोज विचारायचे ना," ती म्हणाली. "मेन बंद? मी बाहेर शिकायला होते तेव्हा मला पण विचारायचे. हॉस्टेलला कुठला आलाय मेन."

"तुला पण?"

"मी चिडायचे. उत्तर द्यायचे नाही."

मग मी तिला सांगितलं. ठळक आणि बारीक, सगळं. 

"आई, आज चालू ठेव," ती शेवटी म्हणाली. "एक रात्र. काही होत नाही."

"त्यांना—"

"माहितीये. तरी ठेव."

फोन ठेवला. मेनपाशी जाऊन उभी राहिले. हात आपोआप वर गेला होता, तो खाली आणला. आजवर हे घरी असोत, बाहेर असोत, नसोत, तो स्विच एकदाही राहिलेला नाही. न सांगता चालू ठेवायचा म्हणजे चोरी केल्यासारखं वाटायला लागलं.

म्हणून यंत्रापाशी बसले आणि नवा मेल उघडला. पत्त्याच्या जागी आमचाच पत्ता लिहिला. विषयाच्या जागी लिहिलं, "आज मेन चालू ठेवते आहे." आत काही लिहिलं नाही. पाठवला.

लगेच आला. यादीत सगळ्यात वर, ठळक. पाठवणाऱ्याच्या जागी ह्यांचं नाव, कारण पत्ता त्यांच्या नावावर.

बोट उघडायच्या बटणावर गेलं होतं. उघडला नाही.

दिवा चालू आहे म्हणून आज टॉर्च लागली नाही. अक्षर बरं आलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

झोप अशी लागली नाही. प्रत्येक वेळी वास येतोय का बघत होते. कसला वास येणार. फ्रिजबरोबर यंत्रही गुणगुणत होतं. घरात दुसरं कुणीतरी जागं असल्यासारखं.

सकाळी पाटी आली नाही. पट्टी उजव्या टोकाला जाऊन नाहीशी झाली होती. मला ती बघायची इतकी सवय झाली होती की आधी घाबरले.

अंघोळ केली, केस विंचरले, मग बसले. चौकटीत "पोहोचलो" लिहिलं.

पोहोचलो. पोहोचलो. पोहोचलो. पडदाभर तेच. खाली सरकवलं तरी तेच, तारखा मागे मागे जात राहिल्या. मधूनच एखादं "पोहोचलो, पाऊस आहे." एकदा "पोहोचलो, बॅग नाही पोहोचली." तेव्हा काय झालं होतं ते आठवून एकटीच हसले.

सगळ्या ओळी बारीक. मी एकही न वाचता सोडली नव्हती.

शेवटचा बघितला. त्यांच्या शेवटच्या फेरीचा, आजारपणाच्या आधीचा. त्यानंतर ते निघाले त्याचा अर्थातच काही नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मुलीला तिच्या नावाचे मेल शोधून पाठवले. तिला विचारलेले "मेन बंद?" तिच्या जुन्या पेटीतून कधीच गेले होते, ह्यांच्या पाठवलेल्यांत सापडले. तिने उत्तरात फक्त "केला" एवढंच लिहिलं. प्रत्येक मेलला स्वतंत्र उत्तर. पडद्यावर एकाखाली एक येत गेले. केला. केला. केला.

मिस्त्री दुपारी आला. मेनची गोष्ट सांगितली तर कपाळाला हात लावून बसला. "काकू, मी ह्याला किती शिव्या दिल्या मनात. माफी मागायला पाहिजे." आणि खरंच यंत्राच्या डोक्यावर थापटी मारली.

सगळे मेल इथे उतरलेत, कंपनी बंद झाली तरी राहतील, याची त्याने खात्री करून दिली. यंत्र नीट बंद कसं करायचं ते शिकवलं : आधी इथून बंद म्हणायचं, तो आवरून घेईपर्यंत थांबायचं, आवाज थांबला की मग मेन. इंडेक्स एकदा पुरा झालाय, आता मेन रोज खाली केला तरी चालेल, म्हणाला. ह्यांच्या मेलसाठी वेगळा कप्पाही करून दिला.

जाता जाता त्याचं यादीकडे लक्ष गेलं. "हा एक वाचायचा राहिलाय, काकू. उघडू?"

"नको. राहू द्या."

"एवढा एकच ठळक दिसतोय. बाकी सगळं कसं स्वच्छ झालंय."

"तो मला आलेला नाही," मी म्हटलं.

त्याने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, मग पत्ता वाचला, मग चष्मा काढून पुसत राहिला.  चहाला थांबला.

१ मार्च, रविवार

कंपनी काल बंद झाली. आज सकाळपासून प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने नवी पाटी दाखवतो : जोडणी होऊ शकली नाही, पुन्हा प्रयत्न करू का? मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, "तो जुना पत्ता प्रोग्राममधून काढून टाकू, मग त्रास नाही. मेल काही जात नाहीत."

"पाटी आली तर काही बिघडतं का?"

"बिघडत नाही. पण तिकडे आता कुणी नाही, काकू. हा उगाच विचारत बसणार."

"बसू दे," मी म्हटलं.

मुलीने मला नवा पत्ता उघडून दिलाय, माझ्या एकटीच्या नावाचा. तिचा पहिला मेल तिथे आला आहे. आत मजकूर नाही, विषयाच्या ओळीत लिहिलंय, "घरी पोहोचले." लगेच उघडला.

संध्याकाळी यंत्र शिकवल्याप्रमाणे बंद करायला घेतलं. आधी जुनी पेटी एकदा बघितली. सगळ्यात वरची ओळ ठळकच आहे. पाटी आली, पुन्हा प्रयत्न करू का. मी 'हो' दाबलं, थोडी थांबले, मग बंद केलं. ते आवरून गप्प होईपर्यंत बसून राहिले, आणि उठून मेन खाली केला.